रिकाम्या गोफणीचे उत्तर

यंदा दिवाळी सरली तेव्हा बीबी गावाच्या पुढची शेते मोकळी झाली होती. पूर्वी या दिवसांत रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ज्वारी उभी असे, बैलगाडीत बसलेल्या माणसाच्या डोक्यावरून जाणारी. कणसात दाणा भरलेला, पानांच्या कडा करकरीत. गाडी धुऱ्याला, म्हणजे बांधाला, लागून गेली की उघड्या हातावर बारीक चरे उमटत आणि घामाने ते दिवसभर चुरचुरत. आता हायब्रीड आली आहे. ती माणसाच्या छातीपर्यंत येते, दसऱ्याला पिकते आणि दिवाळीआधी खळ्यात जाते. तिच्या भाकरीला चव नाही अशी तक्रार आहे. कडबा जनावरे नाइलाजाने खातात, उशिराच्या पावसात दाणा काळा पडतो. पण उतारा चांगला आहे, म्हणून सगळे तीच पेरतात. एसटीच्या खिडकीतून आता थेट ओढ्यापर्यंत दिसते. ओढ्यापलीकडचे गाव दिसते, तिथली वाळत घातलेली लुगडी दिसतात. या शिवारात इतके लांबचे दिसणे मला अजून सवयीचे झालेले नाही.

उंच ज्वारी गेली तशी मचाणेही गेली. चार मेढी रोवून, आडव्या बल्ल्या बांधून, वर तुराट्या अंथरलेल्या असत. सूर्य उगवायच्या सुमारास कोणीतरी त्यावर चढे. शेजारी मातीच्या वाळवलेल्या गोळ्यांचा ढीग आणि हातात अंबाडीच्या वाखाची गोफण. गोफण डोक्याभोवती गरगरते, गोळी सुटते आणि मोकळे झालेले शेपूट चाबकासारखे वाजते. पोपटांचा थवा कणसांवरून उठतो आणि शेजारच्या शेतात उतरतो. मग शेजाऱ्याची गोफण वाजते. एकट्याने राखण होत नसे. पाखरे एकाने हाकलून दुसऱ्याच्या अंगावर घालायची आणि दुसऱ्याने तिसऱ्याच्या, असे ते सगळ्या शिवाराचे काम होते.

संध्याकाळी पाखरे झाडांवर गेली की राखणदार उतरे. उतरण्याआधी तो गोफण एकदा रिकामी फिरवी, गोळी न घालता, आणि शेपूट सोडून देई. एकच आवाज. त्याचा अर्थ, मी निघालो. शेजारच्या मचाणावरून तसाच एक आवाज येई. त्याचा अर्थ, ऐकले, मीही निघालो. उत्तर आले नाही तर पहिला माणूस आपली वाट सोडून पाहून येई. साप असू शकतो, डुक्कर असू शकते, ताप भरलेला असू शकतो. ही पद्धत कोणी कोणाला शिकवली नव्हती. धुऱ्यावरून कोर्टात भांडणारे दोन शेजारीसुद्धा संध्याकाळचे उत्तर चुकवत नसत.

ज्या हंगामाबद्दल हे लिहीत आहे तेव्हा देशी ज्वारी अजून उभी होती. महाराष्ट्र राज्य होऊन दोन-तीन वर्षे झाली होती. ओढ्यापलीकडे एकेकाळी निजामाचा मुलूख होता. त्याला इकडे मोगलाई म्हणत. आता ओढ्याच्या दोन्ही काठांना एकच राज्य होते, एकाच पाटीची एसटी दोन्हीकडे जात होती, आणि बीबीच्या बाजारात पलीकडची माणसे मिरच्या घेऊन बसत होती. हद्द होती हे नव्या पोरांना सांगावे लागे.

बुलढाण्याच्या एका साप्ताहिकात मी तेव्हा काम करत होतो. एका दुपारी श्रीपतराव कचेरीत आले. भरघोस मिशा, धुतलेले धोतर, पायांत कडक वाजणारे जोडे. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्याच दिवाळीत हद्दीवर तरुणांची एक छावणी उभी राहिली होती, तिचे ते प्रमुख. शेतकऱ्यांची, मास्तरांची, दुकानदारांची मुले आपणहून तिथे आली होती. पलीकडे सशस्त्र टोळ्या गावे लुटत होत्या. जीव घेऊन पळून येणारी कुटुंबे बीबी-लोणारपर्यंत पोचवायची, जकातीचे नाके जाळायचे, तारा तोडायच्या आणि टोळ्यांना ओढा ओलांडू द्यायचा नाही, हे छावणीचे काम. गाव तिला कौतुकाने आणि थोड्या थट्टेने पलटण म्हणे, आणि श्रीपतरावांना कॅप्टन. त्यांना पलटणीच्या कामगिरीचा इतिहास लिहून हवा होता. तो छापायचा, गावच्या शाळेसमोर एक शिळा उभारायची, तिच्यावर स्वयंसेवकांची नावे कोरायची आणि दरवर्षी छावणीच्या स्थापनेच्या दिवशी शिळेसमोर तो इतिहास वाचायचा. संपादकांनी मला पाठवले. विशेषणे काढून टाक आणि उरेल ते लिही, एवढी एकच शिकवण त्यांनी आम्हाला दिली होती.

हद्दीवरच्या त्या गावात, शाळेच्या एका खोलीत मुक्काम होता. बाहेर हुरड्याचे दिवस. गोवऱ्यांच्या आरात कणसे भाजली जात, हातावर चोळली जात आणि लसणाच्या चटणीबरोबर तळव्यातून तळव्यात जात. पलटणीतली माणसे संध्याकाळी येऊन बसत आणि सांगत. आता ती चाळिशीकडे झुकली होती, काहींची पोटे सुटली होती. सांगताना मात्र ती पुन्हा विशीत जात. पलटणीचा खरा दुश्मन पलीकडे नव्हता, चुलीपाशी होता, असे एकाने सांगितले, आणि स्वयंपाकी समोरच बसून म्हणाला की बे, त्याच खिचडीवर तू वाढला, नाहीतर बंदूक उचलाले तुह्या अंगात जीव कुठं होता. नाका जाळायला गेलेल्यांना तिथला शिपाई गाढ झोपलेला सापडला. त्याला उठवले, त्याची वळकटी बाहेर काढून दिली, मग छप्पर पेटवले. शिपायाने जळत्या नाक्याकडे पाहत आपला तांब्या आत राहिल्याचे सांगितले. तेव्हा एक जण आत शिरला आणि केस होरपळून घेऊन तांब्या घेऊन आला. ही गोष्ट तिघांनी तीन प्रकारे सांगितली. एकाच्या गोष्टीत तांब्या होता, एकाच्या लोटा, एकाच्या गोष्टीत शिपाई रडला.

एक घटना मात्र सगळे एकाच प्रकारे सांगत. ओढ्यापलीकडच्या मचाणावरून इशारे देणारा शत्रूचा पहारेकरी तुळशीरामने एका गोळीत टिपला. हेच वाक्य, हेच शब्द, याच क्रमाने. त्याच्या आधी काही नाही, नंतर काही नाही. पुढचा प्रश्न विचारला की कोणीतरी आरात नवे कणीस टाकी. वेगवेगळी माणसे एखादी गोष्ट एकाच शब्दांत सांगू लागली की ते शब्द कधीतरी एकत्र बसून ठरलेले असतात, हे वृत्तपत्राच्या कचेरीत लवकर कळते. श्रीपतरावांच्या मते इतिहासात हे वाक्य सर्वांत महत्त्वाचे होते. पलटणीने अनेक कुटुंबे वाचवली, पण समोरासमोर शत्रू पडला तो एवढाच. त्याबद्दल तुळशीरामचा शाल देऊन सत्कार होणार होता.

तुळशीराम शाळेत आला नाही. तो माळी. ओढ्याजवळच्या विहिरीवर वांगी-मिरची लावे आणि वरच्या पट्टीत, थेट जुन्या हद्दीला लागून, ज्वारी. मी त्याच्याकडे गेलो तेव्हा दिवस कलला होता. मचाणावर त्याने मला जागा करून दिली, एक कोवळे कणीस चोळून हातावर ठेवले आणि पाखरांकडे पाहत बसला. वरून ज्वारी वेगळी दिसते. वारा आला की कणसे एकाच बाजूला कलतात आणि ओढा कुठून जातो ते फक्त त्या रेषेवरची झाडे सांगतात. दोन्ही काठांची ज्वारी एकसारखी. नकाशा हाती नसेल तर राज्य कुठे संपत होते ते कोणालाही दाखवता आले नसते.

पाखरे गेली. एकेका मचाणावरून रिकाम्या गोफणी वाजू लागल्या. एक आवाज आणि त्याचे उत्तर, पुन्हा एक आवाज आणि त्याचे उत्तर, असे करत तो आवाज आमच्यापर्यंत आला. ओढ्यापलीकडून, अगदी समोरून, गोफण वाजली. तुळशीरामच्या मांडीवर गोफण होती. त्याने ती उचलली नाही. थोडा वेळ गेला, आणि पलीकडून बाईचा आवाज आला, हायेस का रे तुळशीराम. त्याने तोंडाने उत्तर दिले, हाव भाभी, हाये. पलीकडे ज्वारी सळसळली आणि ती बाई घरी गेली.

गोफण का वाजवली नाही, असे मी विचारले. तो खाली उतरला, मीही उतरलो. ज्वारीत उभे राहून त्याने जे सांगितले ते त्याच क्रमाने इथे देतो.

छावणी बसली तेव्हा हद्दीवरच्या शेतांचे मालक आत गावात निघून गेले होते. पीक उभे, राखणीला कोणी नाही. पलीकडूनही सगळे गेले असतील असे पलटणीने धरले. कुटुंबे आणायची तर ओढ्याची वाट मोकळी आहे हे पुढे गेलेल्या आपल्या तुकडीला कळवायला खूण हवी होती. शिट्टी ओळखू येते, दिवा दिसतो. तेव्हा ठरले की दिवस बुडाल्यावर रिकामी गोफण एकदा वाजवायची. पलीकडे कोणी ऐकलेच तर त्याला वाटेल, राखणदार उतरला. खूण एकाच आवाजाची. दुसरा आवाज झाला तर समजायचे की खूण फुटली.

पहिल्याच संध्याकाळी पलीकडून उत्तर आले. दुसऱ्या संध्याकाळीही आले. शत्रूने खूण ओळखली, तो आपली टिंगल करतो आहे, असे छावणीत म्हटले गेले. काहींना भीती वाटली, काहींना राग आला. तुळशीराम डुकरांवर ठासणीची बंदूक चालवण्यात तरबेज होता, म्हणून त्याला पुढे बसवले. तिसऱ्या संध्याकाळी गोफण वाजली, पलीकडून उत्तर आले, आणि त्याने उत्तराच्या दिशेने बार काढला.

त्या छावणीत बहुतेक सगळे शेतकरी होते. प्रत्येकाने लहानपणापासून ते उत्तर हजारदा दिले होते. ते उत्तर काय असते हे एकानेही उच्चारले नाही. तुळशीराम म्हणाला,

"आमी पलटणवाले झालतो नं साहेब. शेतकऱ्याचं डोस्कं घरी ठेवून आलतो. पण हात तं माहाच होता. चाप दाबताना हाताले ठाऊक होतं का हे राखणीचं उत्तर हाये."

सकाळी ते पाहायला गेले. ओढा उतरताना प्रत्येकाच्या मनात एकच गोष्ट होती. पलीकडच्या गावात आपल्या नात्यागोत्याचे लोक होते, सोयरिकी होत्या. मेलेला त्यांच्यातला निघाला तर काय. माणूस मचाणाखाली पालथा पडला होता. हातात गोफण, वर तुराट्यांवर गोळ्यांचा ढीग, फडक्यात अर्धी भाकरी. हत्यार नाही. श्रीपतरावांनी त्याला उताणा केला.

"अमीन होता," तुळशीराम म्हणाला. "बाजारात आमी शेजारी बसो. त्याच्या बैलानं एक साल माह्या वावराची वखरवाही झाली होती. तो दिसला, दाढी दिसली, अन् साहेब, आमाले बरं वाटलं. आपला नाही निंघाला म्हणून. सगळ्याईले वाटलं. मलेबी वाटलं."

त्याच धुऱ्यावर बसून श्रीपतरावांनी ते वाक्य तयार केले, जे मी शाळेच्या खोलीत इतक्या तोंडून ऐकले होते.

युद्धात माणूस चुकून मारला जातो. पाहणाऱ्याला नीट दिसत नाही, अंधार असतो, भीती असते, आणि गोळी परत घेता येत नाही. याची कारणे देता येतात आणि ती खोटी नसतात. त्या सकाळी ज्वारीत उभ्या असलेल्या तरुणांना जे बरे वाटले त्याचे कारण देता येत नाही. ती माणसे वाईट नव्हती. त्यांच्यातल्या एकाने शत्रूच्या शिपायाच्या तांब्यासाठी केस जाळून घेतले होते. तो त्या सकाळी तिथे होता. त्यालाही बरे वाटले.

पलीकडून हाक मारणारी बाई अमीनची बायको जुलेखाबी. दुसऱ्या दिवशी मी ओढा ओलांडून तिच्या घरी गेलो. अंगणात ती मिरच्या निवडत होती आणि मला ठसका लागला तेव्हा हसली. बुलढाण्याच्या माणसाले आमचा वारा सोसत नाही म्हणाली. पाणी दिले. कोणत्या कामाला आलो हे तिला आधीच माहीत होते. गावात नवा माणूस आला की ते लपत नाही.

तिने सांगितले की त्या दिवाळीत गावातले बरेच लोक खरोखरच निघून गेले होते. अमीन गेला नाही. दाणा भरला होता. टोळ्या आल्या तर त्या माणसांना लुटतील, पण पाखरे रोज येतात, असे त्याचे म्हणणे. शिवेवर तो एकटाच होता. इकडच्या बाजूला सगळी मचाणे रिकामी, संध्याकाळी गोफण वाजवली तर उत्तर नाही. तो घरी येऊन गप्प बसे. मग एका संध्याकाळी तो खुशीत आला.

"म्हणे, पलीकडं कोणी तरी राखणीले आलं," जुलेखाबी म्हणाली. "कोन हाये ते दिसत नाही, पण गोफन वाजवते. म्या जवाब देल्ला, म्हणे. आता फिकर नाही."

तिसऱ्या संध्याकाळी तो परत आला नाही. बार कोणी काढला हे तिला लवकरच कळले. श्रीपतरावांच्या ठरलेल्या वाक्यात तुळशीरामचे नाव होतेच आणि ते वाक्य ओढा ओलांडून गेले होते. तुळशीरामला मात्र वाटत राहिले की तिला माहीत नाही. संध्याकाळी त्याच्याकडून गोफणीचे उत्तर येत नसे, म्हणून ती हाक मारी. उत्तर आले नाही तर विचारायचे, अशी रीत. त्याच्यासाठी ती मोडायचे कारण तिला वाटले नव्हते.

इतिहासात काय लिहिणार, असे तिने विचारले. मी ते वाक्य वाचून दाखवले. तिने ते पुन्हा वाचायला सांगितले. मग विचारले की हे दरवर्षी माईकवर वाचणार का. तिची नातवंडे आता ओढ्यालगतच्या याच शाळेत येत होती. रजिस्टरवर त्यांच्या आजोबाचे नाव होते.

"मारलं ते लिवा नाहीतर नका लिवू," ती म्हणाली. "पहारेकरी नका लिवू. तो राखणीले बसला होता अन् त्यानं जवाब देल्ला. पोराईले हे ऐकू द्या."

तिची मागणी एवढीच होती. त्या सबंध हंगामात कोणाचे काही पणाला लागले असेल तर तिच्या नातवंडांच्या कानावर पडणारे ते एक वाक्य.

इतिहासाच्या मसुद्यात मी घडले तसे लिहिले. तीन संध्याकाळी, खूण, उत्तर, बार, अमीनचे नाव, गोळी झाडणाऱ्याचे नाव. शाळेच्या त्याच खोलीत तो मंडळींसमोर वाचला गेला. बाहेर कोणीतरी बैलांना पाणी दाखवत होते आणि घागरमाळा वाजत होत्या. श्रीपतरावांचा चेहरा पडला होता. ते दुष्ट गृहस्थ नव्हते. ओरडले नाहीत. त्यांनी पलटणीने आणलेल्या कुटुंबांची नावे एकेक करून सांगितली. बाळंतीण बाई डोलीत आणली होती, आंधळा म्हातारा पाठीवर आणला होता. ते सगळे खरे होते. ते म्हणाले की हे एक लिहिले तर बाकीचे कोणी वाचणार नाही, फक्त हेच वाचतील. त्यांच्या म्हणण्यातही तथ्य होते. मी ते टिपून घेतले.

कोणीतरी तोडगा काढला. खोटे लिहायला नको, खरेही लिहायला नको. तो सबंध परिच्छेदच वगळावा. त्या आठवड्यात छावणीत विशेष काही घडले नाही, असे लिहून पुढे जावे. ऐकल्याबरोबर खोलीतली माणसे हलली. कोणी पाय पसरले, कोणी तंबाखूची चंची काढली. श्रीपतरावांनी चहा मागवला. शत्रू पाडल्याचा मान गेला तरी चालेल म्हणाले, आपण मानासाठी लढलो नव्हतो. बशीत चहा ओतल्याचे आवाज येऊ लागले.

तुळशीराम त्या दिवशी आला होता. दाराशी बसला होता. तो म्हणाला,

"त्या दिशीबी असंच बरं वाटलं होतं."

बशा खाली ठेवल्या गेल्या. कोणी त्याच्याकडे पाहिले नाही. तो पुढे म्हणाला की अमीनला वगळायचे तर मग मलेबी वगळा, माहं नाव शिळेवर नको, शाल नको. त्याची समजूत काढायचा थोडा प्रयत्न झाला, फार नाही. शिळेवर एक नाव कमी कोरले गेले.

मग त्या सकाळनंतर तो पहिल्यांदा ओढा ओलांडून जुलेखाबीकडे गेला. काय झाले ते त्याने मला सांगितले. आपण मारले हे त्याने सांगितले तेव्हा ती म्हणाली की ठाऊक हाये. आपण आपले नाव काढून घेतले हे सांगितले तेव्हा मात्र ती चिडली. वाळत घातलेल्या मिरच्यांवरून हात फिरवत होती, तो हात थांबला.

"आता तुमच्या पुस्तकात मेलेला बी नाही अन् मारणारा बी नाही," ती म्हणाली. "मंग त्याले काय झालं, म्हणून सांगू मी लेकराईले? तुले वाटलं तू मोठं काम केलं. तू त आपलं तोंड धुऊन घेतलं."

तो घरी परतला. इतिहास छापून झाला होता. शिळा घडून आली होती.

पहिल्या समारंभाला लाऊडस्पीकर होता, झेंडूची तोरणे होती, शाळेची मुले रांगेत बसली होती. हेडमास्तर वाचत होते. त्या आठवड्यात छावणीत विशेष काही घडले नाही, या वाक्यापर्यंत ते आले तेव्हा गर्दीच्या मागून तुळशीराम उभा राहिला. आवाज चढवला नाही. म्हणाला की त्या आठवड्यात आपण पलीकडच्या अमीनले मारलं, तो राखणीले होता, त्यानं गोफणीचं उत्तर देल्लं, गोळी म्या झाडली. आणि खाली बसला. हेडमास्तरांनी व्यासपीठाकडे पाहिले, श्रीपतरावांनी शिळेकडे, आणि वाचन पुढे सुरू झाले.

पुढच्या वर्षी तो पुन्हा उठला. त्याच्या पुढच्या वर्षीही. त्याला येऊ देऊ नये अशी चर्चा झाली, पण स्वतःच्याच गावाच्या शाळेत येण्यापासून माणसाला कसे अडवणार. मग चर्चाही थांबली. हेडमास्तर त्या वाक्याशी आले की आपणच थांबू लागले. चष्मा काढून पुसत. तेवढ्यात तुळशीराम आपले वाक्य बोले आणि चष्मा परत डोळ्यांवर जाई. गावाला त्याची सवय झाली. समारंभाचाच तो एक भाग झाला, हार घालण्यासारखा. जुलेखाबी दरवर्षी नातवंडांना घ्यायला म्हणून येई आणि फाटकाशी उभी राही. त्याचे बोलून झाले की पदर सारखा करी. मी समारंभाची बातमी पाठवत असे आणि तिच्यात तुळशीरामचे वाक्य दर वेळी देत असे. छापताना जागेअभावी शेवटच्या ओळी कापाव्या लागतात. ते वाक्य शेवटच्या ओळींत असे.

माझ्या आठवणीतला हंगाम मात्र त्या समारंभांचा नाही, पहिलाच आहे. ज्वारीच्या पानांचा करकर आवाज, हुरड्याचा धूर, थंडी पडायच्या आधीचे ते कोमट संध्याकाळचे ऊन. नंतर अनेक हंगामांत अनेक ठिकाणी बातमीसाठी गेलो. दंगल, पूर, निवडणूक, रेल्वेचा अपघात. प्रत्येक ठिकाणी माणसे एखादे वाक्य मिळून तयार करत असतात, आणि ते तयार झाले की खोलीतली हवा हलकी होते. आता ती हलकी होताना मला कळते. कळून करता काही येत नाही.

गेल्या उन्हाळ्यात तुळशीराम वारला. त्याच्या मुलाने वरच्या पट्टीत हायब्रीड पेरली. जुने हेडमास्तर बदलून गेले.

यंदा वाचायला नवे मास्तर होते. तरुण, खान्देशातले, स्पष्ट आवाजाचे. लाऊडस्पीकर नवा होता. श्रीपतराव खुर्चीवर बसले होते, आता त्यांना कमी ऐकू येते. पलटणीतली उरलेली माणसे पुढच्या सतरंजीवर. शाळेमागची शेते कापलेली, त्यांच्यावरून वारा सरळ अंगणात येत होता आणि मास्तरांच्या हातातले पान फडफडत होते. त्या वाक्याशी काय होते हे त्यांना कोणी सांगितले नव्हते. सांगायचे कोणी, हा प्रश्न होता आणि तो कोणीच हाती घेतला नव्हता. त्या आठवड्यात छावणीत विशेष काही घडले नाही, हे त्यांनी चांगल्या खणखणीत आवाजात वाचले, श्वास घेतला आणि पुढच्या आठवड्याला हात घातला. सतरंजीवरच्या एकाने मान खाली घातली होती, ती त्याने वर केली.

फाटकाशी जुलेखाबी उभी होती. ती आत आली. इतक्या वर्षांत ती फाटकाच्या आत आलेली मी पाहिली नव्हती. मुलांच्या रांगांमधून चालत ती शिळेपर्यंत आली.

"थांबा मास्तर," ती म्हणाली. "इथं थांबा लागते."

मास्तर थांबले. आपल्याकडून पान उलटताना काही सुटले असे त्यांना वाटले असावे. त्यांनी मागचे पान पाहिले, पुढचे पाहिले. मग बोट ओळीवर ठेवून विचारले की आजी, इथे काय आहे.

सांगायचे काम तिचे नव्हते. मास्तर तिच्याकडे पाहत होते. ती आमच्याकडे.